बुडते कारखाने आणि कामगार संघटना



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा गावातील काही मंडळींनी विचारले म्हणे, की जामखेडला मोटारींच्या कारखान्यांवर व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या गावाला अजून रेल्वे नाही, मग मोटारीच्या कारखान्याची गोष्टच नको. आपला तालुका दुष्काळी. येथला माणूस ऊसतोडीला गेला म्हणजे साखरेचा कारखाना पाहतो आणि आयटीआय करून बाहेर पडला म्हणजे सुपे, रांजणगाव किंवा चाकण पाहतो. परंतु म्हणूनच हा विषय आपला आहे. या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांचे मुलगे, पुतणे, भाचे आज मोटारीचे दरवाजे ठोकीत आहेत, नळ्या वाकवीत आहेत, गाड्यांना चाके लावीत आहेत. त्यांनी महिन्याला धाडलेल्या पैशांवर येथे विहीर खणली जाते, बहिणीचे लग्न होते. तो कारखाना उद्या डबघाईला आला तर त्या मुलाने काय करावे, त्याच्या संघटनेने काय करावे, एवढाच आजचा आपला प्रश्न आहे.

कारखाना बुडाला की चावडीवर दोनच निदाने ऐकू येतात. एक म्हणतो, युनियनने बुडवला. दुसरा म्हणतो, मालकाने खाल्ला. दोन्ही निदाने सोपी आहेत, कारण दोन्हीत विचार करावा लागत नाही. आम्ही आयुष्याची तीसएक वर्षे कामगारांच्या संघटनेत घालवली. आम्ही पहिले निदान नाकारू आणि दुसऱ्यावर टाळ्या घेऊ, अशी आपली अपेक्षा असेल. पण टाळ्यांनी कोणाची चूल पेटत नाही. तेव्हा आपण एक खरा कारखाना घेऊ आणि तो कसा उभा राहिला व कसा खाली बसला हे क्रमाने पाहू.

तो कारखाना म्हणजे मुंबईतील कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी डोळ्यांपुढे आणा. ती येथलीच. संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. जहाजे, विमाने, साखर या सर्व धंद्यांत या मराठी मुलखातल्या माणसाने इंग्रज सरकारच्या नाकावर टिच्चून पाय रोवले. मोटार हिंदुस्थानात बनली पाहिजे, हा विचार सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात हिरिरीने मांडला होता. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने त्याला पाठिंबाही दिला. पण १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, युद्ध सुरू झाले आणि परक्या सरकारला हिंदी मोटारीची निकड वाटली नाही. तरीही वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली आणि १९४४ साली प्रीमियर स्थापन झाली. १९४७ साली कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट अकराशे ही गाडी येथे तयार होऊ लागली.

स्वतंत्र सरकारने या धंद्याला संरक्षण दिले. १९५३ साली जकात आयोगाने सांगितले की ज्यांना गाडीचे भाग येथे बनवावयाचे आहेत त्यांनी राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावे. मुंबईत १९२८ पासून जोडणी करणारी जनरल मोटर्स १९५४ साली निघून गेली, फोर्डही गेली. खाजगी मोटारींच्या धंद्यात पुढे तीनच मुख्य नावे उरली : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली प्रीमियर. हे धोरण चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या संरक्षणामुळेच डाय बनवणारे, ओतकाम करणारे, गिअर कापणारे हात या देशात तयार झाले. आज चाकणला जे कसब दिसते त्याचे मूळ त्या काळात आहे.

पण संरक्षणाचा एक स्वभाव असतो. लहान रोपाला काट्यांचे कुंपण लागते. तेच कुंपण झाड मोठे झाल्यावरही काढले नाही तर खोडात रुतते. किती गाड्या काढावयाच्या त्याचा परवाना सरकारचा. नवे यंत्र आणावयाचे तर परकी चलन सरकारच्या हाती. मोटार ही चैन मानलेली, म्हणून कर जबर. १९६९ साली तर गाडीची किंमतही सरकारने कायद्याने बांधली. त्याविरुद्ध कंपनीला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १९७१ साली निकाल झाला तरी नियंत्रणाचे जोखड एकदम उतरले नाही. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांची रांग इतकी लांब की गाडी मिळायला वर्षे लागत. माल करावयाच्या आधीच विकला गेलेला! अशा दुकानदाराला माल सुधारण्याची घाई का व्हावी? जी गाडी १९५४ साली फियाट अकराशे म्हणून आली, ती थोड्याफार फरकाने वेगवेगळी नावे घेत गेली. १९७४ साली तिचे पद्मिनी असे नामकरण झाले आणि २००० च्या सुमारास ती थांबली. इंजिन मूळचे तेच, सुमारे अकराशे घनसेंटिमीटरचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मुलाचा नातू झाला, पण गाडीची नवी पिढी निघाली नाही.

आता कामगारांकडे वळू. कुर्ल्याच्या कारखान्यात संघटना होत्या. 'होत्या' असे अनेकवचन आम्ही मुद्दाम वापरतो. एका संघटनेने उत्पादन-बोनसचा करार करावा आणि दुसरीच्या सभासदांनी तो आम्हाला मान्य नाही म्हणून मुंबईच्या दिवाणी न्यायालयात दावा लावावा, असा प्रकार १९७१ च्या सुमारास घडला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ साली न्यायालयाने सांगितले की औद्योगिक कायद्याने दिलेल्या हक्काचे भांडण त्याच कायद्याच्या यंत्रणेत सुटले पाहिजे, दिवाणी न्यायालयात नव्हे. वकिलीच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकवतात. कामगाराने त्यातून घ्यावयाचा धडा मात्र निराळा आहे. ज्या काळात मालकाला 'नवी गाडी कधी?' असे विचारावयाचे, तो काळ संघटनांनी एकमेकींना न्यायालयात खेचण्यात घालवला.

पुढे डॉक्टर दत्ता सामंतांचे युग आले. प्रीमियरच्या कामगारांनीही त्यांचे नेतृत्व पत्करले. डॉक्टरांविषयी आज बोलताना लोक एकतर हार घालतात, नाही तर शिव्या देतात. आम्ही दोन्ही करणार नाही. कामगार त्यांच्यामागे गेला तो वेडा होता म्हणून नव्हे. महागाई घराचे पत्रे उडवीत होती आणि जुन्या संघटनांचे पुढारी वाटाघाटींच्या टेबलावर चहा पीत होते. डॉक्टरांनी पगार वाढवून दाखवले. चाळीतल्या मुलाला त्या पगारामुळे पुस्तक मिळाले, ही गोष्ट लहान नाही. ताळेबंद मालक स्वतःच्या सोयीने रचतो, त्यावर आपला भरवसा नाही, असे त्यांचे म्हणणे असल्याचे सांगितले जाई. त्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु खोट्या ताळेबंदाला उत्तर खरा ताळेबंद मागणे हे आहे. ताळेबंदाकडे पाठ फिरवली तर मालकाचेच फावते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉक्टरांची पवईत गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. त्यांच्या पद्धतीचा हिशेब मात्र आपण मांडला पाहिजे.

इकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. किंमत ४७,५०० रुपये. जपानी सुझुकीचे तंत्र, छोटे इंजिन, पेट्रोल कमी, बिघाड कमी. पुढचे गणित शेतकऱ्याला चटकन समजेल. विहिरीवर इंजिन बसवले तर त्याचा खर्च एक एकर भिजवला काय नि दहा एकर भिजवले काय, तेवढाच. दहा एकरवाल्याला एकरी खर्च दहावा हिस्सा पडतो. मोटारीचा पत्रा दाबण्याची डाय, रंगाची भट्टी, जोडणीचा पट्टा यांचे तसेच आहे. ज्याच्या गाड्या जास्त त्याची गाडी स्वस्त, आणि ज्याची गाडी स्वस्त त्याच्या गाड्या जास्त खपतात. एकदा या रहाटगाडग्यात मागे पडलेला कारखाना कामगाराचा पगार निम्मा केला तरी पुढे येत नाही. गाडीच्या किमतीत पगाराचा वाटा किती आणि पोलाद, सुटे भाग, व्याज व कर यांचा किती, हे कोणत्याही मोटार कंपनीच्या अहवालात उघडून पाहावे. पगार हा त्यातला लहान तुकडा असतो. म्हणून 'युनियनने बुडवला' हे निदान आम्ही अपुरे म्हणतो. सामान्य माणसावरच्या प्रेमाने अपुरे म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो.

१९९३ साली मोटारींवरचा परवाना उठला आणि परदेशी कंपन्या आल्या. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणजवळ प्यूजो ३०९ काढली. कुर्ल्यात फियाटची उनो सुरू झाली. नवी गाडी आली ती अशी, उसनवारीवर आणि उशिरा. तिला जोडीला कामगारांचे तंटे, थांबलेले काम, ताटकळलेले गिऱ्हाईक. प्यूजो काही वर्षांतच निघून गेली. कुर्ल्याचा मोटारींचा कारभार फियाटकडे गेला आणि पुढे फियाटचे काम टाटांच्या भागीदारीत आपल्या नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावला आले. प्रीमियर कंपनी चिंचवडला यंत्रे बनवीत राहिली. २००९ साली तिने रिओ नावाची गाडी काढून पाहिली, पण ती चालली नाही. शेवटी २०२१ साली कंपनीवर दिवाळखोरीच्या कायद्याखाली कारवाई सुरू झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ संपता संपता तीही रस्त्यावरून उतरली.

या कथेतला एक योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रीमियरने आयुष्यात तीन परक्या भागीदारांशी संसार केला : क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो. हे तिघेही आपापल्या देशांत एकदा ना एकदा बुडायला आले होते. २०२१ सालच्या आरंभी ते तिघे एका कंपनीत विलीन झाले. तिचे नाव स्टेलँटिस. तिघे पाहुणे एका घरात नांदू लागले आणि त्याच वर्षी त्यांच्या यजमानाच्या दाराला कुलूप लागण्याची वेळ आली. पाहुणे कसे तरले? त्यात कामगार संघटनांचा वाटा काय होता? हे पाहिले म्हणजे आपल्याला काही शिकता येईल.

१९७९ साली क्रायस्लर कंपनी शंभर कोटी डॉलरांहून अधिक तोट्यात गेली. अमेरिकेच्या सरकारने दीडशे कोटी डॉलरांच्या कर्जाला हमी दिली, पण अट घातली की बँका, पुरवठादार, अधिकारी आणि कामगार या सर्वांनी आपापला भार उचलावा. मोटार कामगारांच्या संघटनेने कोट्यवधी डॉलरांच्या वेतनाचा त्याग केला. पण तो फुकट केला नाही. संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर १९८० साली कंपनीच्या संचालक मंडळावर बसले. ज्याने भाकरीतला चतकोर दिला त्याने स्वयंपाकघराची किल्लीही पाहिली पाहिजे, असा तो सौदा होता. १९८३ साली कंपनीने ते कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले.

दुसरे उदाहरण कमी गोड आहे. २००९ सालच्या जून महिन्यात जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. सरकारने तिला उभे केले आणि कामगारांच्या औषधपाण्याच्या निधीला येणे रकमेच्या बदल्यात नव्या कंपनीचे साडेसतरा टक्के भाग मिळाले. पण त्याआधी, २००७ च्या करारातच, एक काळी गोष्ट मान्य झाली होती. जुन्यांचा पगार तोच ठेवून नव्याने लागणाऱ्या पोरांना जवळजवळ निम्मा पगार. जुन्यांनी आपले वाचवले आणि पोरांचे सोडले. एका पट्ट्यावर दोघे शेजारी उभे, काम एकच, पाकीट निराळे. ही दुफळी भरून काढायला २०२३ सालचा मोठा संप करावा लागला. बंधूंनो, हे ऐकताना आपल्याला डेट्रॉइट आठवत नाही, चाकण आठवते. तेथेही कायम, कंत्राटी, शिकाऊ, ठरावीक मुदतीचा, असे वर्ण पडले आहेत. जी संघटना फक्त कायम कामगाराची आहे तिची मुळे दर वर्षी थोडी थोडी कुजतात, कारण दर वर्षी काही कायम माणसे निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी कंत्राटी पोर उभे राहते.

आपल्याकडे तरलेल्यांचेही उदाहरण आहे. पुण्याच्या टेल्कोत १९८९ साली राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. कंपनीने प्रतिस्पर्धी संघटनेशी करार केला. कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि सप्टेंबरअखेर पोलिसांनी त्यांना उचलले. संघटनेत फूट असली म्हणजे मालक कोणत्या फटीतून आत शिरतो, ते तेथे दिसले. पण त्याच टेल्कोने १९९८ साली स्वतःची इंडिका गाडी काढली. २०००-०१ साली पाचशे कोटींचा तोटा सोसला, खर्च कापला आणि २००२-०३ साली पुन्हा नफा दाखवला. त्यात हजारो कामगारांना घरी जावे लागले, हे विसरून चालणार नाही. तरीही प्रीमियरमध्ये नि टेल्कोत फरक पडला तो पगाराचा नव्हे. टेल्कोने पैसा स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या अभियंत्यांत आणि शिकाऊ कामगारांच्या शाळेत घातला होता. संकट दोघांवर आले, पण एकाच्या कणगीत बियाणे होते.

आणि उलट उदाहरण तळेगावचे. जनरल मोटर्स पुन्हा आपल्या राज्यात आली आणि २००८ साली तळेगावला कारखाना उघडला. २०१७ साली देशातली विक्री बंद, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद आणि १४०० हून अधिक कामगारांचा प्रश्न उभा. ती माणसे म्हातारी नव्हती. ऐन तिशी-पस्तिशीतली, घराचे हप्ते भरणारी, आपल्यासारख्या तालुक्यांतून गेलेली. आज ती जागा ह्युंदाईकडे आहे, यंत्रांना नवा धनी मिळाला. 'आम्हालाही सामावून घ्या' म्हणणाऱ्या माणसांना मात्र उन्हापावसात बसावे लागले. यंत्र विकले जाते, जमीन विकली जाते. कामगाराचे कसब कागदावर नोंदलेले नसल्याने त्याला बोली लागत नाही.

तर मग संघटनेने करावे काय? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली गोष्ट, ताळेबंद वाचावा. 'हे आमचे काम नव्हे, ते हिशेबनिसांचे' असे म्हणणाऱ्या कामगारांना आम्ही जामखेडचेच उदाहरण देतो. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे येथे आले आणि त्यांनी खेड्यांतल्या, बहुतेक शाळेची पायरी न चढलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांवर त्या बायांनी जे केले ते पाहायला जगातून माणसे येथे आली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या तालुक्यातल्या निरक्षर आईला नाडी कळते त्या तालुक्यातल्या आयटीआय झालेल्या मुलाला कंपनीची नाडी कळू नये काय? आम्ही स्वतः शाळेत फार शिकलो नाही. एका निवृत्त कारकुनाजवळ रात्री बसून आम्ही चार शब्द शिकलो : घसारा, व्याज, खेळते भांडवल आणि लाभांश. घसारा म्हणून बाजूला काढलेल्या रकमेच्या मानाने नवी यंत्रे आली का? कर्ज यंत्रासाठी काढले की जुने व्याज भरण्यासाठी? पुरवठादारांचे बिल किती दिवस थकते? तोट्याच्या वर्षीही लाभांश वाटला का? भागबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचा अहवाल कोणालाही पाहता येतो. दर वर्षी गेटसभेत या चार प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहिली गेली तर 'कंपनी तोट्यात आहे' ही बातमी कामगाराला नोटीस-बोर्डावरून कळणार नाही.

कागदाशिवायही खुणा असतात. कच्चा माल महिन्याचा येत होता तो रोजच्या रोज रोखीने येऊ लागतो. देखभालीचा माणूस सुटे भाग मागतो आणि त्याला जुन्या यंत्राचे काढून दिले जातात. चांगले अभियंते एकेक करून निघून जातात. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे पगारपावतीवर फंड कापलेला दिसतो, पण खात्यावर जमा होत नाही. आपल्या मुलाला आज रात्री फोन करून विचारा, फंडाचे खाते शेवटचे केव्हा पाहिले?

दुसरी गोष्ट, त्याग करावा लागला तर लेखी करावा. कंपनी खरोखर अडचणीत असेल आणि कामगाराच्या हप्त्याने ती वाचणार असेल तर संघटनेने हट्ट धरू नये. मेलेल्या गाईचे दूध कोणी काढीत नाही. पण आधी हिशेब दाखवा. मालकाने व अधिकाऱ्यांनी किती सोसले ते सांगा. वाचलेला पैसा कोणत्या यंत्रात, कोणत्या नव्या गाडीत जाणार ते करारात लिहा. आणि चांगले दिवस आल्यावर परतफेड कशी, तेही लिहा. आपल्या घटनेत १९७६ च्या दुरुस्तीने अनुच्छेद ४३-अ घातला गेला. त्यात कामगारांचा व्यवस्थापनात सहभाग असावा असे सांगितले आहे. जर्मनीत त्याच वर्षी कायदा होऊन दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांना मिळाल्या. तेथे तो कायदा झाला, येथे ते सुवचन राहिले.

तिसरी गोष्ट, एकी. खर्डा आपल्या तालुक्यातच आहे. ११ मार्च १७९५ रोजी तेथे पेशवे, शिंदे, होळकर, भोसले एका निशाणाखाली निजामाशी लढले आणि जिंकले. पुढे आठच वर्षांत, १९०३ नव्हे, १८०३ साली, इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा होळकर बाजूला राहिले आणि १२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला. कारखान्यात चार झेंडे असले की याहून निराळे होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तीत एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेलाच वाटाघाटींचा एकमेव अधिकार आहे. तीनशेच्या आत कामगार असलेल्या कारखान्याला टाळे लावण्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात हा आकडा शंभर होता. म्हणजे लहान कारखान्यातल्या कामगाराला आता कायद्याची भिंत कमी आणि एकीची गरज जास्त.

चौथी गोष्ट, बुडतानाचा हक्क ओळखावा. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कंपनी मोडीत निघाली तर कामगारांचे मागील चोवीस महिन्यांचे येणे हे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरले जाते. भविष्य निर्वाह निधी, पेन्शन व ग्रॅच्युइटी यांच्या निधीतील कामगारांचा पैसा सावकारांच्या वाटणीत धरलाच जात नाही. पण हक्क मागण्यासाठी पुरावा हवा : नेमणुकीचे पत्र, पगारपावत्या, हजेरीची नोंद. ठरावीक मुदतीच्या कामगारालाही आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कपात झालेल्या कामगाराला नवे कसब शिकण्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरावयाची आहे. हे कागद मुलाच्या पेटीत नसतील तर आईच्या ट्रंकेत असावेत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो उद्याचा आहे. १९७२ साली नगरला कायनेटिकची लूना निघाली आणि मास्तर, पोस्टमन, दूधवाला असे सारे तिच्यावर बसले. २०२४ साली विजेवर चालणारी लूना बाजारात आली. गंमतीची बातमी म्हणून आपण ती वाचली आणि विसरलो. पण विजेच्या गाडीला पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, इंधनाची टाकी नाही आणि गिअरचा मोठा पसारा नाही. आज नगर, चाकण, भोसरी येथील असंख्य लहान कारखाने याच वस्तू करतात. त्या कारखान्यांच्या ताळेबंदात अजून नफा आहे, दारात मालमोटारी उभ्या आहेत. पद्मिनीसाठी रांगा लागलेल्या असतानाही कुर्ल्यात नफा होता. 'पुढे काय करणार?' हा प्रश्न विचारण्याची वेळ तीच होती आणि तो कोणी विचारला नाही. मालकाला गरज नव्हती, सरकारला पर्वा नव्हती आणि संघटना पुढच्या बोनसच्या पलीकडे पाहत नव्हत्या. तिघांच्या वाट्याला दोष येतो. पण तिघांच्या वाट्याला शिक्षा सारखी आली नाही. मालकाकडे जमीन होती, सरकारकडे दुसरे कारखाने होते, कामगाराकडे फक्त ती नोकरी होती. ज्याचे नुकसान सर्वांत मोठे होणार, त्यानेच प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

म्हणून आमची आपणा सर्वांना एक विनंती आहे. दिवाळीला मुलगा घरी आला म्हणजे आपण त्याला विचारतो, पगार किती वाढला? ते जरूर विचारा. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा. तुझी कंपनी पाच वर्षांनी काय बनवणार आहे? आणि तुझ्या शेजारी उभा राहून तेच काम करणारा कंत्राटी पोर तुझ्या संघटनेत आहे काय? मुलाला उत्तरे येत नसतील तर तो परत जाऊन शोधील. घरचा प्रश्न माणसाला जितका टोचतो तितका पुढाऱ्याचा टोचत नाही.